वहीत नसलेले सत्तर किलोमीटर

शैला,

तुझी गाडी दुरुस्त झाली. तू गेल्यानंतर अठराव्या दिवशी. तो पिवळा दिवा विझला, आणि या वेळी तू मोबाइलवर अंगठा दाबलास म्हणून नव्हे, खरोखरचा विझला. इम्तियाजने मला शेजारी बसवून काशीदचा चढ दोनदा चढवून दाखवला. वर पोचल्यावर म्हणाला, "बघा बाई, गेला." मी हो म्हटलं. मग मला कळेना की ही बातमी आता कुणाला द्यायची. दीड वर्ष ज्या गोष्टीवरून आपण भांडलो ती मिटली आणि भांडणारी एकच उरली.

तुझा तो महाडचा चुलतभाऊ आला होता. त्यानेच सगळं केलं. चांगला वागला, खोटं का बोलू. पाचव्या दिवशी तुझ्या घराला कुलूप लावून त्याने चावी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "तुम्ही शेजारीच आहात, लक्ष असू द्या." शेजारी. तेरा वर्षं आपल्या दोन घरांमध्ये एक भिंत होती आणि त्या भिंतीतून मला तुझं सगळं ऐकू यायचं. कुकरची तिसरी शिट्टी झाली की तू "बास बास" म्हणत धावायचीस, तेसुद्धा. आता सकाळी मी चहाचं आधण ठेवते आणि भिंतीला कान देऊन उभी राहते. काही ऐकू येत नाही हे माहीत असतं. तरी चहा उकळेपर्यंत उभी राहते.

दिवसकार्याची माणसं गेली, माझ्या शाळेतल्या जुन्या शिक्षिका येऊन गेल्या, आरोग्य केंद्रातल्या तुझ्या हाताखालच्या नर्स मुली येऊन रडून गेल्या. प्रत्येकीने मला विचारलं, "सिस्टरांना काही त्रास होता का हो?" मी काय सांगणार? सकाळी तू कपडे वाळत घालत होतीस, आणि मला हाक मारलीस ती नेहमीसारखीच होती. "बाई, तुझी साडी घालू का यातच?" सगळं गाव मला बाई म्हणतं म्हणून तूही बाईच म्हणायचीस, फक्त पुढे 'तू' जोडायचीस. मी आतून "घाल" म्हणून ओरडले. साडी दोरीवर होती, तू खाली होतीस. यापुढचं मला लिहायचं नाही.

मला दिव्याबद्दल लिहायचं आहे.

पहिल्यांदा तो लागला तेव्हा आपण रेवदंड्याहून परत येत होतो. साळावचा पूल ओलांडला आणि तू म्हणालीस, "हे काय पिवळं?" इंजिनाच्या आकाराचा एवढासा दिवा. गाडी नीट चालत होती. मी म्हटलं थांबव, तू म्हणालीस घरी जाऊन बघू. तिथेच आपली दोघींची जात कळली.

इम्तियाजकडे नेली. माझ्याच शाळेतला, चौथीपर्यंत माझ्याच हाताखाली होता, आता डोक्यावरचे केस विरळ झालेत. त्याने यंत्र लावलं आणि कोड वाचला. पी झिरो वन थ्री फाइव्ह. मग तुला समजावून सांगायला लागला की सिस्टर, हा ऑक्सिजन सेन्सर. धुराच्या पाइपात बसवलेला असतो, धुरात ऑक्सिजन किती उरला ते मोजतो आणि इंजिनला सांगतो.

"अरे, तीस वर्षं पेशंटांना ऑक्सिजन लावला मी," तू म्हणालीस. "मला नको शिकवूस. पेशंटला कमी पडला की ओठ निळे पडतात. गाडीचं काय पडतं?"

"दिवा पिवळा पडतो," इम्तियाज म्हणाला, आणि तुम्ही दोघं कितीतरी वेळ हसत बसलात. मी हसले नाही. मी विचारलं, "पण सेन्सर खराब का झाला?" इम्तियाज म्हणाला, होतो बाई, खारी हवा आहे. तू म्हणालीस, "ऐकलंस? हवा आहे." सेन्सर बदलला.

नऊ दिवसांनी दिवा परत. तोच कोड. इम्तियाज म्हणाला माल डुप्लिकेट निघाला असेल. तुझ्या मनात काय आलं, तू अलिबागच्या गॅरेजला गाडी नेलीस. तिथल्या माणसाने बॉनेट उघडून बघितलंही नाही नीट, दुसरा सेन्सर बसवला. दोन आठवडे बरे गेले. तिसऱ्या आठवड्यात केळघरच्या घाटात पुन्हा तो पिवळा.

त्यानंतर तू ते काडेपेटीएवढं यंत्र मागवलंस. स्टिअरिंगखाली खोचायचं आणि मोबाइलवर कोड दिसायचा. दिसला की तू पुसायचीस. "बेड नंबर एकशे पस्तीस, डिस्चार्ज," असं म्हणून अंगठा दाबायचीस. दिवा विझायचा. मला संताप यायचा.

"कारण न शोधता पुसतेस कशी? पेशंटचा ताप असा पुसतेस का?"

"ताप उतरवायचा असतो, बाई. कारण डॉक्टर शोधतात."

म्हणून मी वही काढली. शाळेची शंभर पानी, वर 'गाडी' असं लिहिलेली. दिवा लागला की तारीख, रस्ता, चढ की सपाट, गाडी गार की तापलेली, किलोमीटरचा आकडा. मधल्या दिवसांत गाडी कुठे गेली तेही. तू हसायचीस. लोकांना सांगायचीस, आमच्या बाई रिटायर झाल्या पण हजेरी घेणं सुटलं नाही. पण कुठून आलीस की फाटकातूनच ओरडून सांगायचीस, "लिही, मुरूड, बाजार, दिवा न्हाय!" तू सांगितलेलं मी लिहायची. तुझ्यावर अविश्वास दाखवायचं मला कधी सुचलंच नाही.

आता जानेवारीबद्दल लिहिते. हे लिहायचं म्हणूनच इतके दिवस कागद घेऊन बसत होते आणि उठत होते.

तुझा धाकटा भाऊ, अरुण. खाडीपलीकडे, दिघीहून पुढे बोर्लीच्या बाजूला त्याची वाडी. तुमचे वडील शेवटचे आजारी होते तेव्हा तू म्हणत होतीस मुंबईला नेऊ, तो म्हणाला आता हलवू नकोस, घरात जाऊ दे. वडील गेले. आणि अंगणात सगळी माणसं असताना तू त्याला म्हणालीस, "तू मारलंस त्यांना." अकरा वर्षं तुम्ही एकमेकांचं तोंड पाहिलं नाहीत. हे तू मला तेरा वर्षांत दोनदा सांगितलंस, दोन्ही वेळा भांडी घासताना, माझ्याकडे पाठ करून.

त्या सकाळी तू माझ्या दारात आलीस ती ठेवणीतली साडी नेसून. म्हणालीस, "बाई, चल. आगरदांड्याला जाऊ. फेरीबोटीत गाडी घालू. अरुणकडे जाऊन येते म्हणते. तू असलीस तर जमेल मला."

मी काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतंय. मी म्हणाले, "दिवा लागलाय ना? या अवस्थेत गाडी खाडीपलीकडे न्यायची? तिथे बंद पडली तर? आधी दिवा जाऊ दे, मग जाऊ."

"पुसते ना."

"पुसून जात नाही तो."

तू थोडा वेळ उभी राहिलीस. मग घरात गेलीस आणि साडी बदलून आलीस. दुपारी आपण वालाचं बिरडं केलं. पुन्हा तू तो विषय काढला नाहीस. मला वाटलं, उत्साह होता, ओसरला.

गाडी दुरुस्त करायचं तुझ्या चुलतभावामुळे निघालं. फोनवर म्हणाला गाडी विकावी लागेल, चालू स्थितीत आहे ना? मला ते लागलं. दिवा लागलेली गाडी परक्याच्या दारात जाऊन उभी राहणार आणि तो म्हणणार, कुणी लक्षच दिलं नाही वाटतं. मी इम्तियाजला बोलावलं आणि त्याच्या हातात वही दिली.

"सेन्सर बदलायचा नाही," मी म्हटलं. "वाच आधी."

त्याने अंगणातच बसून सगळी वही वाचली. लहानपणी वाचायचा तसाच, ओळीखाली बोट धरून. मग म्हणाला, "बाई, सपाटीला एकदा पण नाय. सगळे चढ. काशीद, केळघर, सुपेगाव. लोड आला की इंजिन मागे झुकतं. काहीतरी ताणतंय."

तो गाडीखाली गेला. सेन्सरला जाणाऱ्या वायरीला मीटर लावला, तो बीप करत होता. मग त्याने वायर हाताने हळूच ओढली. बीप थांबला. सोडली, पुन्हा सुरू. त्याने मला वाकायला लावलं आणि तीन वेळा ऐकवलं. वायर वरून धडधाकट होती. आतल्या तारा तुटलेल्या, टोकाला टोक लागून होत्या. चढावर ती ताणली की टोकं सुटायची. वायरीला धरून ठेवणारी एक क्लिप असते, ती जागेवर नव्हती, म्हणून वायर लोंबून गरम पाइपापाशी गेली होती आणि भाजून कडक झाली होती.

इम्तियाज बाहेर आला, हात पुसत राहिला. बराच वेळ पुसत राहिला.

"क्लिप मीच लावली नसणार, बाई. पहिला सेन्सर मीच बदलला ना. राहिली असेल."

मला रागावता आलं नाही. मी म्हटलं, "कबूल केलंस, पुष्कळ झालं." आणि मग मला जे विचारायचं नव्हतं ते विचारलं. "या अवस्थेत गाडी लांब नेली असती तर? बंद पडली असती?"

"छे! काय नाय झालं असतं. यात फक्त सेन्सर तापवायचा हीटर बंद पडतो. पेट्रोल जरा जास्त पिते, बस. सिस्टर गोव्याला गेल्या असत्या तरी चाललं असतं."

शैला, मी ओट्यावर बसले. त्याने पाणी आणून दिलं.

तुला आता खरं सांगते, कारण तू आता उलटून विचारणार नाहीस. मला गाडी बंद पडायची भीती नव्हती. असेल थोडी, पण ती नव्हती. तू साडी नेसून दारात उभी होतीस आणि तुझा चेहरा मी कधी पाहिला नव्हता असा दिसत होता, लग्नघरी निघालेल्या मुलीसारखा. मला वाटलं, ही तिकडे गेली की तिला तिचं माणूस मिळेल. वाडी आहे, भावजय आहे, भाचे आहेत. रिटायर झालेली बहीण, भाऊ म्हणेल राहा. आणि ही राहील. मग मी भिंतीच्या या बाजूला. दिवा मला आयताच सापडला.

हे तुला कळलं होतं का?

पाणी पिऊन होईपर्यंत इम्तियाज वही चाळत बसला होता. म्हणाला, "बाई, एक सांगू? हितं हिशेब लागत नाय. शिमग्याच्या आधीचं पान. दोन नोंदींच्या मधे तुम्ही मुरूडच्या दोन खेपा लिहिल्यात आणि खाली 'पाच दिवस गाडी बंद.' पण मीटर बघा. सत्तर किलोमीटर जास्तीचे आहेत."

ते पाच दिवस मी पनवेलला होते, भाचीच्या बाळंतपणाला. परत आले तेव्हा तुला विचारलं होतं, गाडी काढली होतीस? तू फाटकातून म्हणाली नव्हतीस, जवळ येऊन म्हणालीस, "न्हाय गं. कुठं जायचंय मला एकटीला?" आणि मी लिहिलं, गाडी बंद.

पहिला विचार आला तो डॉक्टरांचा. अलिबागला जाऊन आलीस की काय, छातीत दुखत होतं की काय, मला लपवलंस की काय. तुझं कुलूप उघडलं. कपाट, उशीखाली, देव्हाऱ्यामागे, सगळं पाहिलं. चोरासारखं वाटत होतं. चष्म्याच्या नंबराखेरीज एक कागद सापडला नाही. तुझ्या बिछान्यावर बसून मी सत्तरची वजाबाकी करत राहिले. अलिबाग जाऊन-येऊन जास्त होतं. मुरूड कमी. आगरदांडा, आणि पलीकडे दिघीपासून बोर्लीची बाजू, जाऊन-येऊन. ते बसत होतं.

चार दिवसांनी, परवा, मी गेले. एसटीने आगरदांड्यापर्यंत, मग फेरीबोट. बोटीत गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या होत्या आणि माणसं त्यांच्यामधून वाट काढत होती. तू ही गाडी एकटीने त्या उतारावरून मागे घेत बोटीत घातलीस? तुला आपल्या फाटकात मागे घेता यायची नाही, मी उतरून "ये, ये, थांब" करायची. कुणी केलं तिकडे तुला "ये, ये"?

दिघीहून टमटम मिळाली. वाडी विचारत गेले. तुझा भाऊ पडवीत खाटेवर होता, पायाला मांडीपर्यंत प्लास्टर. सुपारीच्या झाडावरून पडला होता, तू गेलीस त्याच्या आठ दिवस आधी. मी त्याला मनात काय काय बोलले होते, सख्ख्या बहिणीला खांदा द्यायला आला नाही म्हणून. त्याचं नाक तुझं आहे, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

"या. कोन आपन?" तो म्हणाला.

मैत्रीण म्हणावं तर या वयात ते शाळकरी वाटतं. तेरा वर्षं काय होते मी तुझी? शेवटी तुझ्या चुलतभावाचाच शब्द तोंडात आला. "शेजारी. शैलाची."

तो ओळखत नव्हता. तू त्याच्यापाशी माझं नावही काढलं नव्हतंस. मी उभीच होते. तेवढ्यात तुझी भावजय पदराला हात पुसत बाहेर आली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "अगो बाय, ह्या त्याच का? गाडीच्या दिव्याचं लिवून ठेवतात त्या?"

आणि मी रडले, शैला. तू गेल्यापासून पहिल्यांदा, एका परक्या घराच्या पडवीत, टमटमवाला बघत असताना.

त्यांनी सगळं सांगितलं. सकाळी दहाला आलीस. फाटकाबाहेर गाडी लावून आत बसून राहिलीस, उतरेनास. शेवटी अरुणच बाहेर गेला आणि काचेवर टकटक केलं. तू काच खाली केलीस आणि म्हणालीस, "तू बरोबर व्हतास असं मी अजून म्हनत न्हाय. पन मी तसं बोलाया नको व्हतं." त्यावर तो म्हणाला, "उतर आदी. ऊन हाय." अकरा वर्षं एवढ्यावर मिटली. जेवलीस. वडिलांची खाट होती ती जागा पाहिलीस. वाडीत फिरलीस.

"मी म्हटलं ताईनू, आता हितंच येवून ऱ्हावा," भावजय सांगत होती. "खोली रिकामीच हाय. तर म्हनल्या, न्हाय गो, माजं घर हाय ना तिकडं."

मी विचारलं, "माझ्याबद्दल काय म्हणाली?"

भावजयीने नवऱ्याकडे बघितलं. "स्वयंपाकघरात म्हनल्या, बाईला सांगायचं न्हाय मी आले ते. तिला भ्या वाटतं. मी हितं ऱ्हाईन म्हून."

म्हणजे तुला कळलं होतं. दारात उभी राहून साडी बदलायला आत गेलीस तेव्हाच कळलं असणार. आणि मला एका शब्दाने दुखवायचं नाही म्हणून तू तीन महिने एवढी मोठी गोष्ट एकटीने पोटात ठेवलीस. भाऊ भेटला, घर भेटलं, आणि संध्याकाळी परत येऊन गाडी पुसून ठेवलीस, कोड पुसलास, आणि पनवेलहून आलेल्या मला बाळ कुणासारखं दिसतं म्हणून विचारत बसलीस.

लोक म्हणतील किती समजूतदार. मीही बोटीत तेच म्हणत होते. पण अर्ध्या खाडीत पोचल्यावर मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. मला तुझे उपकार मानायचे आहेत आणि तुझ्याशी भांडायचंही आहे, आणि दोन्ही करायला तू नाहीस.

तू मला ओळखत होतीस, पण पुरतं नाही. पनवेलहून आल्यावर सांगितलं असतंस की जाऊन आले अरुणकडे, तर मी नक्की रागावले असते. न विचारता गेलीस, दिवा लागलेला असताना गेलीस, एकटी गेलीस. दोन दिवस बोलले नसते. भाकरी परसातल्या भिंतीवरून न देता तुझ्या ओट्यावर ठेवून आले असते. पण तिसऱ्या दिवशी मी आलेच असते, शैला. तुझ्या पायरीवर बसून विचारलं असतं की काय जेवलात, तो किती म्हातारा दिसतो, गाडी बोटीत कशी घातलीस. तू हातवारे करून सगळं सांगितलं असतंस आणि आपण दिवेलागणीपर्यंत बसलो असतो.

तो तिसरा दिवस माझा होता. तो तू मला द्यायला हवा होतास.